इस्पिकाच्या ढालीची गिनी

माझ्या सुनेला, मृणालिनीला, शिकल्याचा भारी तोरा. मी दुसरीतून शाळा सोडलेली, म्हणून माझ्या डोळ्यांवरही तिचा भरवसा नाही.

आईच्या माळेतली एक गिनी माझ्या वाट्याला आली. जुन्या इंग्रज राजाची. पुढे त्याचं तोंड, मागे इस्पिकाच्या पानासारखी ढाल. नात ओवीच्या वाढदिवसाला मी पेढे वळते आणि त्यावर ती ढाल उमटवते. यंदा ठसे उमटवताना गिनीची कडी निखळली. मृणालिनीने ती इथे आखातात, मीना बाजारातल्या सोमनाथ सोनाराकडे टाकली. "आपल्या सांगलीकडचा आहे, आई."

परत आली ती चकचकीत. मागे ढाल नाही, घोड्यावर उघडा पुरुष.

"ही माझी नव्हे."

मुलगा निनाद भिंग घेऊन बसला. "तिसरा जॉर्ज लिहिलंय. तुझ्या गिनीवरही तोच होता ना?"

"राजा तोच असेल. त्याने जन्मभर एकच नाणं पाडलं का?"

"वय झालं, निनाद. डॉक्टरला दाखवू या," सून हळूच म्हणाली. हळू म्हणजे मला ऐकू जाईल इतकं.

मी फ्रीजमधून डबा काढला. तीन पेढे उरले होते. "यल्ला, चल," निनादला म्हटलं, "डॉक्टर नंतर, आधी सोनार."

आम्ही दोघं दुकानात शिरलो, तशी सोमनाथने खुर्ची पुढे केली. "पॉलिश केलं की नाणं वेगळं दिसतं, मावशी."

"मावशी कुणाची रे? पॉलिशने ढालीचा घोडा होतो?"

मी पेढा काचेवर ठेवला आणि त्याचं नाणं ठशात बसवलं. भोवती जागा उरली. उचललं, तर खाली माझी ढाल.

निनादने पेढा आज पहिल्यांदा नीट पाहिला. मग पोलिसांचं नाव काढलं. एसीत बसलेल्या सोमनाथला घाम फुटला.

"मिक्स झालं असेल, साहेब." खालच्या खणातून पुडी निघाली. आत माझी गिनी, वर जुन्या नाण्यांच्या कुणा शौकिनासाठी लिहिलेली किंमत: सहा हजार दिरहम.

"दीड लाख रुपये!" निनाद पुटपुटला.

"कडी फुकट लावून देतो, मावशी."

"परत तुझ्या हातात? खलास, बस झालं." मी गिनी पदराच्या गाठीला बांधली. "तो पेढा तूच खा. साक्षीदार आहे."

घरी मृणालिनी चहा घेऊन आली. "सॉरी, आई."

"डॉक्टरची वेळ घेतलीस का?"

तिने कप माझ्यापुढे सरकवला. उरल्या दोन पेढ्यांतला एक मी ओवीसाठी ठेवला. दुसरा सुनेसमोर बसून सावकाश खाल्ला, ढालीसकट.