तीन बोटं बार

मानवजातीला आजवर तीनच मोठे शोध लागले: अग्नी, चाक आणि राजुरीच्या चांगदेवभाऊंची ठासणीची बंदूक. पैकी पहिले दोन अजून चालतात.

बंदूक भाऊंच्या वडिलांची, परवाना पीकसंरक्षणाचा. रानडुकरं भुईमूग उकरायला आली की भाऊ बार काढायचे. डुकरं जरा बाजूला सरकून पुन्हा उकरायला लागायची. अखेर भाऊंच्या बायकोनं, साळुबाईंनी, मुदत दिली. "आईतवारपत्तुर निशाणाला लागली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर सोमवारी ठाण्यात जमा करा. खुंटी तरी मोकळी हुईल."

भाऊंचा सगळा जीव त्या बंदुकीत. म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघं ओढ्याच्या दरडीपाशी जमलो: भाऊ, वहीपेन घेतलेला मी आणि जुन्नरचे वजीरभाई. वजीरभाई कुलपं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांचे वडील बंदुका करायचे. भाऊंनी घरातून आणलेलं पत्र्याचं गोल झाकण चाळीस पावलांवर टांगलं.

कृती वडिलोपार्जित: तीन बोटं बार. रिकाम्या नळीत ठासायचा गज घातला की त्याचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर येतं. दारू ओतली की गज जितका वर राहील, तो आडवी बोटं लावून मोजायचा. मग चिंधी ठासायची, वर शिशाची गोळी.

भाऊंनी तीन बोटं मोजली. आवाजानं ओढ्यापलीकडची बसलेली म्हैस उभी राहिली. गोळी डावीकडच्या बाभळीत.

"चिंधी कमी पडली," वजीरभाई म्हणाले.

वहीत नोंद केली: चिंधी वाढवली, बाभूळ तीच.

वजीरभाई बराच वेळ भाऊंच्या हाताकडे बघत राहिले. "भाऊ, ही बोटं हायेत का केळी? तीन बोटं म्हंजे कुणाची तीन बोटं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. वजीरभाईंच्या बारीक बोटांनी मोजून पाहिलं. गोळी वीस पावलांवर दमलेल्या पाहुण्यासारखी खाली बसली. माझ्या बोटांनी मोजलं. झाकणाच्या हातभर खाली माती उडाली.

"अण्णा, जन्मभर लिवून बोटं काय कमावली न्हाईत तुमी," भाऊ म्हणाले.

गोळी उरली एक. तेवढ्यात साळुबाई चहा घेऊन आल्या.

"वहिनी, तुमच्या सासऱ्यांची बोटं कशी होती?" मी विचारलं.

"मामंजींची? त्यांनी कवा भरली बंदूक? भरायच्या सासूबाई. मामंजी नुसती उडवायचे, अन् मिशीला पीळ द्यायचे."

तिघांच्याही नजरा साळुबाईंच्या हाताकडे गेल्या. बोटात सासूबाईंची अंगठी होती, चपखल बसलेली. वजीरभाईंनी गज त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तीन बोटं लावली. त्या मापाला येईपर्यंत वजीरभाईंनी बेताबेतानं दारू ओतली, चिंधी ठासली, गोळी बसवली. भाऊंनी श्वास रोखून नेम धरला.

ठण्ण!

"लागली!" भाऊ नाचायचेच बाकी होते. "मधोमध लागली, राव! आता डुकरांची खैर न्हाई! काय गं, ऱ्हाती का न्हाई बंदूक?"

साळुबाई झाकण काढून घेऊन आल्या आणि भोकातून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. सोमवारी ठाण्यात नका जाऊ. बाजारात जावा, अन् माज्या पिठाच्या डब्याला झाकण तेवढं घिऊन या."