दंड पुढे करा, असं कुणी म्हटलंच नाही

मित्रांनो, दंडाला पट्टा आवळून, रबरी फुगा दाबून ज्याच्या नळीत पारा चढताना पाहतात, तो जुना रक्तदाबमापक मी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा पारा आरशासारखा चकाकत होता. नवा दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांनी मला टेबलावर मानाची जागा दिली. येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, "दंड पुढे करा."

पुढे गर्दी वाढली आणि मी खिडकीत गेलो. माझ्यावर औषधांचे नमुने साठले, मग चहाचे उष्टे कप. पट्ट्याच्या घडीत झुरळाने अंडी घातली. पण खरी शिसारी मला समोर चालणाऱ्या प्रकाराची येई.

लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई गर्भनिरोधक गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला येत असे. डॉक्टर मान वर न करता म्हणत, "त्याच चालू ठेवा."

"डोकं फार ठणकतं हो."

"इस्त्रीची वाफ. दुसरं काय!"

एकदा नवरा सोबत आला होता, तेव्हा तिने त्याला नसबंदीच्या ऑपरेशनचे विचारले, तर तो म्हणाला, "मी? मला लाँड्रीतली वजनं उचलावी लागतात. तुझ्या गोळ्या आहेत की!" आणि हसला. किती किळसवाणे ते हसू!

एके दिवशी नणंद तिला हाताला धरून घेऊन आली. नवराही मागोमाग आला.

"वहिनीच्या हातून तापलेली इस्त्री सुटली," नणंद म्हणाली. "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा येतात तिच्या. खिडकीतला तो डबा काय शोभेला ठेवलाय?"

डॉक्टरांनी मला खाली काढले. पट्टा झटकताच झुरळ टेबलावरून पळाले. मग पारा चढला, चढतच गेला. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"गोळ्या कधीपासून घेताय?"

"धाकटी चालायला लागली तेव्हापासून. आता ती कॉलेजात आहे."

"अहो, इतकी वर्षं दुखतंय, तर नीट सांगायचं नाही?"

शी! दर वेळी सांगत होती ती. मीच साक्षीला होतो.

"कित्येकींना या गोळ्या वर्षानुवर्षं मानवतात," डॉक्टर पुटपुटले, "पण दाब चढलेला, त्यात अशी डोकेदुखी... मेंदूत गुठळी व्हायची भीती असते. आजपासून बंद."

"मग आता कसं करायचं?" नवऱ्याने विचारले.

ती शांतपणे म्हणाली, "आता तुमची पाळी."

बाहेर बाकावरच्या बायका खो खो हसल्या. महिनाभर टाळाटाळ करून, बहिणीची बोलणी खाऊन, अखेर तो ऑपरेशन करून आला. लाँड्रीतली वजनेही पूर्वीसारखीच उचलू लागला. तिच्यावर दाबाचे उपचार सुरू झाले, हळूहळू पारा उतरला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असे माझे मागणे नाही. तुमच्या घरातली बाई एखादी गोळी वर्षानुवर्षे मुकाट्याने घेत असेल, तर शेवटची तपासणी कधी झाली ते तिला विचारा. "चालू ठेव" म्हणायला जितका वेळ लागतो, तितकाच "कशी आहेस?" म्हणायला लागतो.