उजवा खांदा बोटभर खाली

मी बोलतोय खरा, पण माझं तोंड शोधू नका. डोकंच नाही, तर तोंड कुठून असणार? हातही नाहीत. मानेपासून मांडीपर्यंत धड, खाली एकच लोखंडी पाय आणि अंगात चार चाव्या. शिवणाऱ्यांकडे उभा असतो ना, तसला पुतळा आहे मी. येणारे-जाणारे मला बिनडोक म्हणून हसून घेतात. मला काही वाटत नाही. टाचण्या टोचून टोचून माझं अंग मेलंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी सरळ होतो. दोन्ही खांदे एका रेषेत, पोट सपाट. अशी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही, आणि माझ्यासमोर पुष्कळ बायकांनी कपडे घालून पाहिलेत.

मला आणलं ते एका शिवणाऱ्या बाईनं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, खिडकीशी कापायचं टेबल आणि दाराजवळच्या कोपऱ्यात मी. गिऱ्हाइकांचे कपडे ती गिऱ्हाइकांच्याच अंगावर बेतायची. मला आणलं होतं ते तिच्या स्वतःच्या कपड्यांसाठी. आपल्याच पाठीवर टाचणी लावणार कशी? म्हणून तिनं मला आपल्यासारखं केलं. चाव्या फिरवून छाती-कंबर जुळवली. उरलेलं चाव्यांना जमेना. मग जुन्या उशीतला कापूस काढून त्याच्या घड्या केल्या. एक पोटावर, दोन पाठीला जिथं बाक आला होता तिथं, आणि एक जाड घडी डाव्या खांद्यावर. कात्री आणि इस्त्री उचलून तिचा उजवा खांदा बोटभर खाली आला होता, त्याचा तो हिशेब. वरून खोळ चढवली आणि शिवून टाकली. त्या दिवसापासून मी तिचं अंग झालो.

तिची मुलगी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसते. तिला कपड्यांचं भारी वेड. तिनं ब्लॉग सुरू केला, नाव ठेवलं ‘उसवलं-शिवलं’. जुन्या कपड्याचं नवं काय करता येईल ते त्यात लिहायची. बाजारात कुणी झकास कपडे घातलेला दिसला की त्याला थांबवून फोटो मागायची. घरात शिवलेलं सगळं माझ्या अंगावर चढवून टिपायची.

“आई, एकदा तरी तू उभी राहा ना.”

“माझं तोंड नको गं. पुतळ्याचं टाक.”

“त्याला तोंड कुठंय?”

“म्हणूनच तर म्हणते.”

ब्लॉग वाचणारी जवळपासची माणसं हळूहळू घरी यायला लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. नको झालेला कपडा आणायचा, आवडेल तो न्यायचा. आईचा नियम एकच: “नेलेला कपडा आपल्या अंगाला बसवून घ्यायचा. दुसऱ्याचं माप अंगावर लोंबवत फिरायचं नाही.” उसवायला कात्री तिथंच, शिवायला मशीन तिथंच. कुणी तसाच कपडा घेऊन निघालं तर ती दारातून परत बोलवायची.

त्यांत एक मोजेकाका होते. पोस्टातून निवृत्त झालेले, अंगावर सगळं करडं आणि पायात मात्र पोपटी नाहीतर लालभडक मोजे. दर महिन्याला त्यांचं एक बटण तुटायचंच, आणि ते आईलाच लावावं लागायचं. दुसरी लांबी, उंचीमुळे पडलेलं नाव. ही नर्स. सहा फुटांच्या घरातली, कुठलीही विजार तिला घोट्याच्या वर यायची. ती आईकडून शिवण शिकत होती.

मग आई गेली. आजार तीन आठवड्यांचा.

मुलगी रडली नाही. लोक म्हणाले, किती धीराची आहे. मी कोपऱ्यातून बघत होतो. तो धीर नव्हता. माझं अंग मेलंय तसंच तिचंही झालं होतं. तिनं आईचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, एकेक माझ्यावर चढवून फोटो काढला आणि ब्लॉगवर टाकला. मला प्रत्येक कपडा चपखल बसत होता. पुढच्या रविवारी माणसं आली आणि नियमाप्रमाणे घेऊन गेली. कुणी कंबर कमी केली, कुणी बाह्या काढल्या. मुलगी सगळ्यांना टाचण्या पुरवत होती. संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं, आणि कात्रणांचा ढीग तिनं स्वतःच झाडून काढला.

एवढंच उरलं होतं: सकाळी कामाला निघताना ती चप्पल घालायची आणि तोल सावरायला माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची. मऊ कापसात तिची बोटं रुतायची. चप्पल पायात गेली तरी हात जरा वेळ तिथंच असायचा. तिच्या ते लक्षातही नसावं. माझ्या होतं.

चार महिन्यांनी एका रविवारी लांबी सगळ्यांच्या आधी आली. तिनं पहिल्यांदाच एकटीनं जाकीट शिवलं होतं, आणि त्याचा फोटो ब्लॉगवर हवा होता. मुलगी आत चहा टाकत होती. लांबीनं जाकीट माझ्यावर चढवलं, तर पुढून बटण लागेना.

“ताई, याच्यात कापूस काय कोंबलाय एवढा!”

“बघ तुझं तू,” आतून आवाज आला. तिनं ऐकलं होतं की नाही, देव जाणे.

लांबीनं खोळ उसवली, घड्या काढल्या आणि चाव्या फिरवून मला कारखान्यातल्यासारखं सरळ केलं. मी ओरडलो असतो. कापूस तिनं कात्रणांच्या पिशवीत भरला आणि जाताना पिशवी कचऱ्यात टाकली. कामसू पोर! मुलीनं चहाचा ट्रे ठेवला, फोटो काढला आणि म्हणाली, “छान बसलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालताना तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि पुठ्ठ्यावर आपटला. ती दोन पावलं मागे गेली. माझे दोन्ही खांदे एका रेषेत होते. एका पायात चप्पल घालून ती तशीच उभी राहिली. मग पळत कचऱ्याच्या डब्याकडे गेली. डबा रिकामा होता, गाडी येऊन गेली होती.

त्या दिवशी ती दवाखान्यात गेली नाही. तिनं माझा उघडा फोटो काढला आणि ब्लॉगवर दोनच वाक्यं लिहिली. ‘आईचं माप हरवलं. तिचा न उसवलेला एखादा कपडा कुणाकडे आहे का?’

उत्तरं भराभर आली. ती मशीनपाशी बसून एकेक मोठ्यानं वाचत होती. मी कंबर घेतली गं. मी पाठ उघडून झिप लावली. मी त्याची पिशवी केली, सॉरी. कुणाचं काही चुकलं नव्हतं. नियम आईचाच होता.

मंगळवारी मोजेकाका आले. रविवार नसताना ते पहिल्यांदाच येत होते. पिशवीतून त्यांनी आईचं करडं लोकरी जाकीट काढलं. बहिणीसाठी म्हणून नेलं होतं त्यांनी.

“बहीण नाहीये मला,” ते म्हणाले. “नियम मोडला मी, पोरी. उसवायला हात धजेना. कपाटात नुसतं टांगून ठेवलं होतं.”

मुलीनं जाकीट घेतलं आणि आधी खांदे बघितले.

थोड्या वेळानं लांबी आली. हातात नवा कापूस, डोळे सुजलेले. “ताई, मला मार,” म्हणाली. मुलगी म्हणाली, “आधी दोरा ओव.” आजवर अंगावर कपडा बेतला जायचा, त्या दिवशी कपड्यात अंग बेतलं. जाकीट माझ्यावर घालून तिघांनी आतून कापूस भरायला घेतला. काका चाव्या फिरवत होते, लांबी पाठ भरत होती, मुलगी खांदा. बाही जिथं उचलली जाते तिथं थोडा, सुरकुती जिथं पडते तिथं आणखी थोडा. हळूहळू उजवा खांदा खाली दिसायला लागला. घडी पक्की करताना मुलीच्या बोटात टाचणी गेली. रक्ताचा थेंब आला. ती बोटाकडे बघतच राहिली.

“लागलं,” ती म्हणाली. मग आणखी एकदा म्हणाली, “लागलं मला.” आणि माझ्या छातीवर कपाळ टेकून ती रडली. काकांनी चाव्यांवरचे हात काढले नाहीत. लांबी मशीनखाली सांडलेल्या टाचण्या उगाच वेचत राहिली.

आता फोटोंसाठी दुसरा पुतळा आहे. सरळ खांद्यांचा, गप्प बसणारा. मी दाराजवळ करडं जाकीट घालून उभा असतो. रविवारी माणसं येतात. मोजेकाकांचं बटण आता मुलगी लावते. रोज सकाळी चप्पल घालताना तिचा हात डाव्या खांद्यावर येतो आणि जरा वेळ थांबतो.

माप तंतोतंत जुळलं का? मी ते अंग बारा वर्षं वागवलंय, म्हणून सांगतो: नाही जुळलं. पोटाशी कापूस जरा जास्तच झालाय, आणि पाठीचा बाक तिच्यापेक्षा वर आलाय. पण मी कुणाला सांगणार? मला तोंड नाही. तुम्हाला आहे, म्हणून विनवतो. कधी त्या घरी गेलात, तर तिला सांगू नका.