बार्न्सलीतला मुक्काम

जनीन स्टुलावर चढून पुढच्या खोलीचे जाळीचे पडदे काढत होती आणि तिची आई खाली स्टूल धरून उभी होती. पडदे नोरीनने कालच धुऊन, कडक इस्त्री करून लावले होते. खास आजच्यासाठी.

"आता सगळी गल्ली आत बघेल की गं," नोरीन म्हणाली.

"बघू दे. तिकडे असे पडदे कुणी लावत नाही, आई."

तिकडे म्हणजे लंडनला. जनीन तिथे वकिलाच्या कचेरीत होती आणि तिथल्याच जाईल्सशी तिचं लग्न ठरलं होतं. जाईल्स कामासाठी परदेशात अडकला होता. त्याची आई मात्र स्कॉटलंडला बहिणीकडे जाता जाता आज वाटेत इथे बार्न्सलीला, विहिणीला भेटायला येणार होती.

पडद्यांमागोमाग जनीनच्या बापाने, रेमंडने, जत्रेत जिंकलेला चिनी मातीचा कुत्रा कपाटात गेला. मग संडासातल्या कागदाच्या गुंडाळीवर बसवलेली लोकरीची बाहुली गेली. नोरीनचं आयुष्य शाळेच्या भटारखान्यात गेलेलं. पोरांची अख्खी पंगत ती नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची. पण लेकीपुढे तिचं काही चालत नसे, आणि आज तर तिला चालवायचंही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती: पोरीने आजची रात्र घरी राहावं. बाप गेल्यापासून जनीन या घरात झोपलीच नव्हती. यायची, चहा घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

"वरती तुझ्या पलंगाची चादर बदललीय," तिने शेवटी म्हणून टाकलं.

"आई, सांगितलं होतं ना? हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात. आपलं न्हाणीघर स्वयंपाकघराच्या मागे. रात्री त्यांना जिना उतरायला लावू का?"

"त्या जाऊ देत हॉटेलात. तू कशाला?"

"त्यांना एकटं सोडू? काहीतरीच तुझं!"

नोरीन स्वयंपाकघरात गेली आणि केक-फळांच्या ट्रायफलवर गरजेपेक्षा जास्तच क्रीम थापत बसली.

जाईल्सची आई, लॅव्हिनियाबाई, दुपारी आल्या त्या एका डबड्या गाडीतून. मागच्या सीटवर ओला कुत्रा, अंगात कोपराला भोक पडलेला पुरुषी स्वेटर, पायांत चिखलाचे बूट. दारात नोरीन जांभळा नवा सूट घालून, केस कुरळे करून उभी. तिला सणकून राग आला. तिच्या गल्लीत मयताला जायचं असो की बारशाला, माणूस ठेवणीतलं घालून जातो. तो समोरच्याचा मान असतो. ही बाई तर गोठा साफ करता करता उठून आल्यासारखी आली होती.

"आपल्याला एवढीही किंमत नाही का गं?" तिने स्वयंपाकघरात लेकीला विचारलं.

"हळू बोल! पिढीजात श्रीमंत लोक नटत नाहीत, आई. उलट तूच जरा जास्त…" जनीनने वाक्य तिथेच सोडलं.

नोरीनने कानांतले डूल काढून खिडकीत ठेवले.

टेबलावर जनीनने लंडनहून आणलेले ऑलिव्ह आणि जाड सालीचा पाव पुढे सरकवला होता. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. डबाबंद सॅमन माशाची सँडविचं त्यांनी फस्त केली आणि ट्रायफलची दुसरी वाटी मागून घेतली.

"काय सुरेख झालंय हो! लहानपणी आमची आया करायची असं. आईच्या हातचं काही खाल्लेलं आठवतच नाही बघा मला."

हे कौतुक समजायचं की मोलकरणीशी बरोबरी, ते नोरीनला कळेना. पण बाईंनी वाटी बोटाने निपटली तेव्हा तिने न विचारता तिसऱ्यांदा भरली.

"बरं, माझी बॅग कुठे ठेवू?" लॅव्हिनियाबाई उठल्या.

"मी आपल्यासाठी हॉटेलात खोल्या घेतल्यात," जनीन घाईघाईने म्हणाली.

"हॉटेल? अगं, मी काय साबण विकत गावोगाव फिरतेय? विहिणीचं घर असताना हॉटेलात उतरले तर आमच्याकडचे लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"पण न्हाणीघर खाली आहे. मागे."

"घरातच आहे ना? मग झालं तर! आमच्याकडे बंबाला लाथ घातल्याशिवाय गरम पाणी येत नाही."

जनीनचं तोंड एवढंसं झालं. तिचा पलंग पाहुणीला गेला. पाहुणी घरात आणि आपण हॉटेलात, हे शोभणार कसं? तिने फोन करून दोन्ही खोल्या रद्द केल्या.

रात्री ती आईच्या मोठ्या पलंगावर, बापाच्या बाजूला झोपली. बराच वेळ पाठ फिरवून फोन बघत होती. मग डोळा लागला, आणि झोपेतच तिने आपली गार पावलं आईच्या पोटऱ्यांना टेकवली. शाळेत असताना टेकवायची, तश्शी. पोर आपल्यासाठी राहिलेली नाही, हे नोरीनला पक्कं ठाऊक होतं. तरी ती तसूभरही हलली नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी नाही.

सकाळी निघायची गडबड उडाली. लॅव्हिनियाबाई जनीनला स्टेशनवर सोडणार होत्या. जनीन गाडीत जाऊन बसलीसुद्धा. खिडकीतून आईला हात करून ती मांडीवर आलेल्या कुत्र्याला ढकलत होती.

"फार छान झोप लागली हो," बाई म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

नोरीनने त्यांची बाही धरली. आयुष्यात तिने कुणाची बाही धरली नव्हती.

"परत कधी येणार?"

"म्हणजे काय, लग्नात भेटतोच आहोत की आपण!"

"तसं नाही. इथे." नोरीनने गाडीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "लवकर या. आणि रात्रीच्या मुक्कामालाच या."