नववी ‘ब’चा म्यानमार

शाळेच्या मेळ्यात यंदा प्रत्येक वर्गानं एकेक देश उभा करायचा, असं प्राचार्यांनी ठरवलं आणि चिठ्ठ्या टाकल्या. नववी ‘अ’ला जपान आला, आठवीला फ्रान्स, सातवीला ब्राझील. विनता पाध्येनं आपल्या नववी ‘ब’ची चिठ्ठी उघडली, तर आत म्यानमार.

“मॅडम, बदलवा लो ना,” गौरांग म्हणाला. “वहाँ तो लड़ाई चल रही है. स्टॉल पर क्या रखेंगे?”

घमापुरातल्या या हिंदी माध्यमाच्या शाळेत विनताला सोळा वर्षं झाली होती. सामाजिक शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं चिठ्ठी बदलून मागायची, हे काही तिला पटेना. दुसऱ्या दिवशी तिनं नकाशा टांगला आणि सगळं सरळ सांगितलं. लोकांनी निवडून दिलेली माणसं लष्करानं एका पहाटे तुरुंगात कशी टाकली, दुसऱ्या रात्रीपासून घराघरांतून लोकांनी निषेध म्हणून ताटं-पातेली कशी वाजवली, मग गोळ्या कशा चालल्या, किती जण घरदार सोडून निघाले. तास छान रंगला, असं विनताला वाटलं.

दोन दिवसांनी स्टॉलसाठी सांगितलेली चित्रं आली आणि ती चरकलीच. बत्तीस चित्रं होती आणि तीस कागदांवर तोफा होत्या. त्याही अगदी बारकाव्यांनिशी, चाकांच्या नटबोल्टांसकट. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील आयुध कारखान्यांत; तोफ कशी काढायची हे त्यांना शिकवावं लागत नाही. पण माणूस एकाही चित्रात नव्हता.

“अरे, लोक कुठे आहेत?” तिनं विचारलं.

शिफा मागच्या बाकावरून उठली. “मॅडम, आपने लोगों का तो कुछ बताया ही नहीं. वहाँ के बच्चे दिन भर करते क्या हैं?”

विनतालाही ते ठाऊक नव्हतं.

रात्री जेवताना तिनं ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. अतुल म्हणाला, “मग खालच्या भय्यासाहेबांना विचार की. ते रंगूनचेच तर आहेत.”

विजय नगरात एकाच इमारतीत बारा वर्षं राहून विनताला हे माहीत नव्हतं! भय्यासाहेब रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. ताठ चालीचे, कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्याकडे गेली, तेव्हा ते बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते.

“काहून विचारून राहिली बेटा?” ते म्हणाले. “साठ वर्षं झाली त्याला. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. लष्कराचं राज्य आलं, बाबांची नोकरी गेली, जहाजात बसून आलो. संपलं.”

“पोरं विचारतात काका, तिथली मुलं काय करतात म्हणून.”

भय्यासाहेबांच्या हातातली झारी एकाच कुंडीवर थांबली. पाणी कुंडीतून ओसंडून खाली गळू लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“चिन्लोन,” ते हळूच म्हणाले. मग झारी ठेवून खुर्चीत बसले आणि बोलायला लागले ते थांबेचनात. वेताचा विणलेला चेंडू. सहा जण गोल करून उभे राहतात. पाय, गुडघा, टाच, डोकं, काहीही लावा. हात लावायचा नाही आणि चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही. त्यांच्या गल्लीत थान नावाचा मुलगा होता, तो पाठीमागून टाच मारून चेंडू उडवायचा. निघायच्या दिवशी थाननं आपला चेंडू यांच्या पिशवीत कोंबला. धक्क्यावर एका शिपायानं झडती घेतली. आईच्या बांगड्या काढून घेतल्या. पिशवीतून चेंडू निघाला, तसा त्या शिपायानं इकडेतिकडे पाहिलं, बूट घातलेल्या पायानं तो तीनदा वर उडवला आणि हसून परत दिला.

“आईच्या बांगड्या घेतल्या त्याच हातानं,” भय्यासाहेब म्हणाले. “त्याचं काय करावं, मला आजवर समजलं नाही. म्हणून बोललोच नाही कधी.”

दाराशी त्यांची बायको कुंदाताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. “पन्नास वर्षं संसार करून राहिले मी,” ती म्हणाली, “आणि हे मला आज कळून राहिलं!”

विनता म्हणाली, “काका, शाळेत येता?”

“छे छे. मी काय मास्तर आहे?” असं म्हणाले खरे, पण मंगळवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते तिच्या स्कूटीपाशी हजर होते.

वर्गात त्यांनी बांगड्यांचीही गोष्ट सांगितली आणि चेंडूचीही. गौरांगनं विचारलं, “दादाजी, आपको उस देश पर गुस्सा नहीं आता?”

“सरकार पर आता था बेटा, बहुत दिन तक,” भय्यासाहेब म्हणाले. “देश तो मेरे लिए थान था. उस पर कैसे आएगा?”

“और इस खेल में जीतता कौन है?”

“कोई नहीं. गेंद ऊपर रहनी चाहिए, बस.”

हे काही पोरांना पटेना. हरणं-जिंकणं नाही तर खेळायचं कशाला? पण खेळून पाहायला चेंडू तर हवा. शनिवारी विनता, भय्यासाहेब आणि सहा पोरं गोहलपुरात पोचली. तिथं टोपल्या विणणारी एक बाई होती. भय्यासाहेबांनी हवेत बोटं फिरवून वीण समजावली. पहिला चेंडू झाला तो बटाट्यासारखा. दुसरा बरा होता, पण टाच लावताच विसकटला. बाई इरेला पेटली. “बाबूजी, अब चुप बैठो,” असं त्यांना दटावून तिनं वेत भिजवला आणि तिसरा चेंडू असा गोल, हलका, टणक विणला की भय्यासाहेबांनी तो कानाशी धरून टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले.

मग पंधरा दिवस मधल्या सुट्टीत नुसता दंगा. आधी चेंडू तीनदासुद्धा वर राहीना. भय्यासाहेब कडेला खुर्चीवर बसून बर्मी आकडे मोजायचे, “तिट्, ह्निट्, थोन...” आणि थोनवर चेंडू धप्पकन खाली. मग पोरांच्या ध्यानात आलं की आपल्याला भारी वाटेल असा फटका मारून उपयोग नाही. पुढच्याला सोपं जाईल असा द्यावा लागतो. शिफा तर दुसऱ्याचा चुकलेला चेंडू बरोबर गाठून परत उडवायची. एकवीस झाले, चाळीस झाले. गौरांग कुणी जिंकत नाही हे विसरूनच गेला होता.

मेळ्याच्या दिवशी जपानच्या स्टॉलवर कागदी फुलांची झाडं होती आणि फ्रान्सनं चक्क मनोरा उभारला होता. नववी ‘ब’च्या जागेत काहीच नव्हतं, चुन्याचं एक वर्तुळ आणि भोवती ताटं, वाट्या, पातेली घेतलेली पोरं. शिफानं आधी चार वाक्यांत तिथं काय चाललंय ते सांगितलं. मग सगळ्यांनी ताटं वाजवली, बरोबर एक मिनिट. आवाजानं अख्खं मैदान वळून बघू लागलं. काही पालक हसत आले होते, ते हसायचे थांबले.

मग ताटं खाली ठेवली आणि चेंडू वर गेला.

तीस झाले, पन्नास झाले. बघणारेही मोजू लागले. त्र्याहत्तराव्याला चेंडू वाकडा उडाला आणि थेट भय्यासाहेबांच्या खुर्चीकडे आला. शेजारी बसलेली कुंदाताई “अहो, गुडघा!” म्हणून ओरडेपर्यंत ते उठले, गर्रकन पाठ फिरवली आणि टाचेनं चेंडू मागून असा काही उडवला की तो उंच गिरकी घेत वर्तुळात परतला. शिफानं तो अलगद झेलला, गुडघ्यावर, आणि खेळ पुढे चालू.

मैदानात आरोळी उठली. सातवीची पोरं ब्राझील सोडून धावत आली. प्राचार्यांनी चपला काढल्या आणि वर्तुळात घुसले. त्यांचा पहिलाच फटका भेळेच्या टेबलावर जाऊन पडला, तशी सगळी शाळा पोट धरून हसली. विनता वाकून चेंडू काढायला गेली आणि तिचं तिलाच कळलं नाही कधी ते, पण तीही पदर खोचून वर्तुळात उभी होती.

परत जाताना भय्यासाहेब लंगडत होते. वाटेत खोव्याच्या जलेबीच्या दुकानापाशी त्यांनी रिक्षा थांबवली.

“डॉक्टरांनी गोड नको सांगितलंय,” कुंदाताई म्हणाली.

“आज चलता है,” ते म्हणाले आणि पहिली जलेबी तिच्याच हातावर ठेवली. “सांगू? थानला एक बहीण होती. ती आम्हा दोघांपेक्षा चांगली खेळायची.”

“अच्छा? नाव काय तिचं?” कुंदाताईनं विचारलं, आणि भय्यासाहेब पाक बोटांवरून ओघळत असताना सांगू लागले.