पुलीवरची खूण

सूनबाईने पाना फिरवला. इंजिन फिरत होतं, पण नको इतकं सहज.

गॅरेजचा नियम जुना होता. वाल्व्हची उघडझाप करणारे टॅपेट लावून झाले की सेल्फ मारण्याआधी इंजिनाच्या खालच्या पुलीला पाना लावून हातानेच दोन फेऱ्या द्यायच्या. वाल्व्ह नीट बंद होत असतील तर सिलिंडरमधली हवा दाबली जाते आणि हात अडतो. आज पहिल्या सिलिंडरला अडला. पुढच्या तिन्हींना नुसतं फुस्स. म्हणजे नट जास्त आवळले गेले होते आणि वाल्व्ह उघडेच राहत होते. आणि आवळले कुणी होते? खुद्द उस्तादांनी, तिच्या सासऱ्यांनी, ज्यांच्या बोटांवर हे गॅरेज उभं होतं.

आज बसवलेले हे नवे टॅपेट तेलावर चालणारे. यात फटीचं माप घालून भागत नाही. वाल्व्ह दाबणाऱ्या रॉकरखालची सळई चिमटीत फिरवत नट आवळायचा, तिची वरखाली हालचाल संपली की थांबायचं, मग नटाला अर्धा फेरा. ते थांबणं बोटांनाच कळतं. टॅपेटच्या आतली स्प्रिंग मुकाट दबत जाते, तो क्षण हुकला की माणूस आवळतच राहतो. खाली पुलीवरची खूण जुळवून वाल्व्ह बंद करून द्यायचे ते सूनबाईने, आणि वर नट आवळायचे ते उस्तादांनी. हे काम ते नेहमी डोळे मिटून करत. आज मात्र ते डोळे फाडफाडून सळईकडे बघत होते. सकाळी त्यांनी तापलेला सायलेन्सर पाइप धरला होता आणि हात मागे घेतला नव्हता. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

"मारू का सेल्फ?" टॅक्सीवाला गाडीत बसून किल्ली खुळखुळवत होता. माणूस मनाचा चांगला, पण तोंडात तीळ भिजत नाही. इथे शिंकलं तर टॅक्सी स्टँडवर न्यूमोनिया झाला म्हणून सांगणार! त्याच्यासमोर गाडी धापा टाकत बंद पडली, तर संध्याकाळपर्यंत उस्ताद संपले.

उस्ताद चिंधीला हात पुसत होते. तिच्याकडे बघत नव्हते.

"मार," ते म्हणाले.

"थांबा!" ती एवढ्या जोरात ओरडली की टॅक्सीवाल्याच्या हातातून किल्ली पडली. "बाबा, माझं चुकलं. मी पुलीवरची दुसरीच खूण धरली. तुम्ही आवळलंत तेव्हा वाल्व्ह उघडे होते. सगळं परत करावं लागेल."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. पुलीकडेही पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. "डोळे कुठे होते तुझे? इतकी वर्षं काय झक मारलीस इथे? घरात बसलेली बरी!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं तीच बोलली होती, तरी ते बोलणं खरोखर लागलं. नवऱ्याला ग्रीसच्या वासानेच शिंका येतात म्हणून तिने हा पाना उचलला, आणि आजवर एक खूण चुकवली नव्हती.

"असू दे उस्ताद, बायकामाणूस आहे," टॅक्सीवाल्याने मलम लावावं तसं मीठ चोळलं.

उस्ताद खाली बसले आणि तिच्या हातातून पाना घेतला. "माझी पाठ धरलीय, वर ओणवं राहवत नाही. पाना मी फिरवतो. तू वर ये."

ती वर आली. त्यांनी पुली खुणेवर आणली. तिने नट सैल करून सळई चिमटीत धरली. नजर सळईवर खिळवली.

"डोळे मीट," खालून आवाज आला. आता त्यात राग नव्हता.

तिने डोळे मिटले. सळई फिरली, हलली, जराशी हलली, थांबली. अर्धा फेरा. एकेक करत सगळे नट झाले. मग उस्तादांनी दोन फेऱ्या दिल्या, आणि दर खेपेला त्यांचा खांदा अडला.

"अडतंय," ते हळूच म्हणाले.

टॅक्सीवाल्याने सेल्फ मारला. नवे टॅपेट आधी टकटक करू लागले, तशी ती कान देऊन ऐकू लागली. तेल चढलं, टकटक विरत गेली, आणि इंजिन एका सुरात चालू लागलं.

टॅक्सीवाला खूश. "वा उस्ताद! पण एक सांगू? पुढच्या वेळी सुनेला लुडबुड करू देऊ नका. स्टँडवरही सांगतो सगळ्यांना."

आता उस्ताद गप्प राहिले असते तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. तीही मनातून तेच म्हणत होती, गप्प बसा बाबा, मला चालेल.

"सांग ना," उस्ताद म्हणाले. "पण खरं सांग. या पुलीवर खूण एकच आहे. इंजिन बंद कर, ये, बघ. दुसरी नाहीच, तर ती धरेल कशी? चूक माझी झाली. माझ्या बोटांना कळेनासं झालंय. तुझी गाडी तिने नीट केली."

टॅक्सीवाल्याने वाकून पुली बघितली. मग तो गाडी घेऊन गेला.

तिने सासऱ्यांचा उजवा हात उलटा केला. सकाळचा चटका फुगून फोड आला होता आणि पान्याने फुटलाही होता.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही गं," ते म्हणाले. "तेच तर."