माझ्या तोंडी आमोदचा आवाज

मी एक जुना वाटाड्या आहे, मित्रांनो. मोटारीच्या काचेला चिकटून रस्ता सांगणारं तळहाताएवढं यंत्र. लोक मला जीपीएस म्हणतात.

नम्रतानं मला बुधवार पेठेतल्या दुकानातून निवडलं. दुकानदार म्हणाला, "बाई, फोनवर फुकट दिसतं की सगळं."

"फोन सारखा वाजतो हो. आणि मी नुकतीच गाडी शिकलेय. मला मोठा पडदा हवाय, आणि मराठीत शांतपणे सांगणारं काहीतरी."

तिनं चार यंत्रांचे आवाज ऐकले आणि माझा पसंत केला. तेव्हा माझा आवाज एका समजूतदार बाईचा होता. नम्रताचे वडील रंगराव हडपसरपलीकडे मांजरी गावात एकटे राहत. कर्वेनगरहून त्यांच्याकडे कुणी सोडायची वाट न बघता जाता यावं, एवढीच तिची इच्छा होती.

त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, आमोदनं, मला लॅपटॉपला जोडलं. माझा आवाज पुसला आणि स्वतःचा भरला.

"डावीकडे वळा. डावा हात म्हणजे ज्यानं जेवत नाही तो."

"चुकलात ना बाईसाहेब? अपेक्षाच होती."

पहिल्या दिवशी नम्रताही हसली. त्यांची नऊ वर्षांची अवनी तर पोट धरून हसली. पाहुणे आले की आमोद त्यांना खाली पार्किंगमध्ये आणून मला बोलायला लावी. महिन्याभरात नम्रताचं हसू थांबलं.

"आमोद, तो जुना आवाज परत लाव ना. मला भीती वाटते चालवताना."

"गंमत कळायला डोकं लागतं," तो म्हणाला.

ती माझा आवाज बारीक करी. अवनी मागून पुढे वाकून तो पुन्हा मोठा करी. तिला तो खेळ वाटे. मला गप्प बसावंसं वाटे, पण वळण चुकलं की बोलणं हेच माझं काम. तिचे हात स्टिअरिंगवर आवळत जाताना मी रोज पाहत होतो.

एका रविवारी दुपारी नम्रता धावत गाडीत आली. "अवनी, पटकन बस. आजोबांना चक्कर येतेय, फोनवर बोलताही येईना त्यांना नीट." त्यांच्या शेजारचं कुणी फोन उचलत नव्हतं. आमोद मित्रांबरोबर सिंहगडावर गेला होता.

हडपसरच्या गर्दीत मांजरीचं वळण हुकलं.

"चुकलात ना बाईसाहेब? अपेक्षाच होती," मी म्हणालो. मागून अवनीनंही माझ्या सुरात सूर मिसळला.

नम्रता लांबून वळून आली. मागून हॉर्न वाजले, तिनं घाईनं स्टिअरिंग फिरवलं आणि ती भलत्याच गल्लीत शिरली. मी पुन्हा तेच म्हणालो. अवनी पुन्हा हसली.

नम्रतानं गाडी कडेला लावली आणि मला बंद केलं. किल्लीला हात लावला, पण पुन्हा त्या गर्दीत गाडी घालायचं धाडस तिला होईना. शेवटी अवनीला घेऊन ती रिक्षा शोधायला गेली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी तिघं गाडी न्यायला आली तेव्हा त्यांच्या बोलण्यातून कळलं. रिक्षा मिळून मांजरीला पोचेपर्यंत तास गेला. रंगराव स्वयंपाकघरात पडलेले होते. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, वाचा गेली.

आमोद गाडी चालवत होता, तिघं दवाखान्यात निघाली होती. तो म्हणाला, "गाडी होती, नकाशा होता. तरी पोचता आलं नाही तुला."



"आईला काही येतच नाही," अवनी मागून म्हणाली. "अपेक्षाच होती."

आमोदनं गाडी थांबवली, मागे वळून तिच्या थोबाडीत मारली. "आईशी असं बोलतात? कुठून शिकलीस हे?"

अवनी रडायचंही विसरली. तिला खरंच कळेना, काल ज्यावर बाबा हसले असते, त्यावर आज मार का बसला.

नम्रतानं मला काचेवरून ओढून काढलं. उतरून डिकी उघडली आणि स्टेपनीच्या खाचेत मला टाकलं. मग ती मागच्या सीटवर अवनीशेजारी जाऊन बसली.

त्यानंतर तिनं गाडी चालवली नाही. मांजरीला ती बसनं जाते. अवनीला सोबत चल म्हटलं की ती जात नाही. आजोबांचं वाकडं तोंड बघवत नाही, म्हणते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, धुळीत टाकू नका, हे तर आहेच. पण माझी विनवणी वेगळी आहे. गाडीत, घरात, वर्गात कुणी कुणावर हसण्याजोगं बोललं, तर आधी ज्याच्यावर बोललं त्याचा चेहरा बघा. तो हसत नसेल, तर तुम्हीही हसू नका.